उपाहारगृहांची संकटकर्जे : 'लहान' नेमके कोणाला म्हणावे?

एप्रिल २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात अमेरिकेत एक अनपेक्षित घोषणा झाली. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या 'शेक शॅक' या बर्गर विकणाऱ्या उपाहारगृह साखळीने सरकारी योजनेतून मिळालेले १ कोटी डॉलरचे कर्ज परत करीत असल्याचे जाहीर केले. हे कर्ज तिने लबाडीने मिळवलेले नव्हते. कायद्यानेच तिला पात्र ठरवले होते. मात्र त्याच्या काही दिवस आधी, १६ एप्रिल रोजी, लघुउद्योगांसाठी राखलेला ३४९ अब्ज डॉलरचा निधी पूर्णपणे संपला होता आणि अर्ज करून बसलेले असंख्य छोटे व्यावसायिक रिकाम्या हाताने परतले होते. १८९ शाखा, जवळपास ८ हजार कर्मचारी आणि शेअर बाजारात नोंदणी असलेली कंपनी 'लघुउद्योग' कशी ठरते, हा प्रश्न साहजिकच विचारला गेला. त्याचे उत्तर एका कंपनीच्या वर्तनात शोधून सापडत नाही. ते कायद्याच्या व्याख्येत आहे.

कोरोना साथीच्या काळात अमेरिकी सरकारने उपाहारगृहांना दिलेल्या कर्जांचा इतिहास त्यामुळेच अभ्यासण्याजोगा आहे. संकटात सरकारने किती पैसे दिले यापेक्षा ते कोणाला, कोणाच्या मार्फत आणि कोणत्या अटींवर दिले, यावर योजनेचे यशापयश कसे ठरते, हे त्यातून स्पष्ट दिसते.

रिकामी टेबले, चालू खर्च

मार्च २०२० च्या मध्यापासून अमेरिकेतील एकामागून एक राज्यांनी उपाहारगृहांत बसून खाण्यास मनाई केली. न्यूयॉर्कमध्ये १६ मार्चच्या रात्रीपासून केवळ पार्सल आणि घरपोच सेवा उरली. या व्यवसायाला हा आघात सोसणे अवघड असते, याची कारणे उघड आहेत. नफ्याचे प्रमाण कमी, माल नाशवंत, जागेचे भाडे मोठे आणि मनुष्यबळ भरपूर. आज न विकले गेलेले जेवण उद्या विकता येत नाही. गल्ला थांबला तरी भाडे, विजेचे देयक आणि विम्याचे हप्ते थांबत नाहीत.

'जेपी मॉर्गन चेस' बँकेच्या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये लहान व्यवसायांच्या खात्यांचा अभ्यास केला होता. उत्पन्न पूर्ण थांबले तर मध्यम स्थितीतील उपाहारगृह हाती असलेल्या रोकडीवर अवघे १६ दिवस तग धरू शकते, असे त्यात आढळले. साथीने हे अनुमान कठोरपणे खरे केले. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या अहवालानुसार एकट्या एप्रिल २०२० मध्ये उपाहारगृहे व मद्यगृहांतील सुमारे ५५ लाख रोजगार बुडाले. स्वयंपाकी, वाढपी, भांडी घासणारे, गल्ल्यावरचे, अशा मुख्यतः कमी वेतनाच्या आणि बक्षिशीवर विसंबलेल्या माणसांचे हे रोजगार होते.

कर्ज, पण फेडावे न लागणारे

२७ मार्च २०२० रोजी अमेरिकी अध्यक्षांच्या स्वाक्षरीने 'केअर्स' कायदा अस्तित्वात आला. 'पेचेक प्रोटेक्शन प्रोग्राम', म्हणजे वेतन संरक्षण कार्यक्रम, हा त्याचा एक प्रमुख भाग. पुढे तो 'पीपीपी' या आद्याक्षरांनीच ओळखला गेला. लघुउद्योगांसाठी काम करणाऱ्या 'एसबीए' या सरकारी संस्थेकडे त्याचे संचालन होते. प्रत्यक्ष पैसे मात्र बँका देणार होत्या आणि कर्जाची शंभर टक्के हमी सरकार घेणार होते. तारण नाही, वैयक्तिक हमी नाही आणि व्याज केवळ एक टक्का.

कर्जाची रक्कम ठरवण्याचे सूत्र सोपे होते. व्यवसायाच्या सरासरी मासिक वेतनखर्चाची अडीचपट, कमाल मर्यादा १ कोटी डॉलर. कोपऱ्यावरच्या एखाद्या उपाहारगृहाचा मासिक वेतनखर्च २० हजार डॉलर असेल, तर त्याला ५० हजार डॉलर मिळत. पूर्ण १ कोटी मिळण्यासाठी मासिक वेतनखर्च ४० लाख डॉलर असावा लागे. मालकाने मिळालेली रक्कम आठ आठवड्यांत मुख्यतः वेतनावर खर्च केली आणि कर्मचारी कायम ठेवले, तर कर्ज माफ होणार होते. म्हणजे रूप कर्जाचे आणि आशय अनुदानाचा. सरकारला बेकारी भत्ता वाटण्याऐवजी मालक व कामगार यांचा संबंध तुटू न देता पगार चालू ठेवायचा होता. त्यासाठी मालकाला मध्यस्थ करण्यात आले होते.

कायद्यातील एक अपवाद

या योजनेसाठी सर्वसाधारण निकष ५०० कर्मचाऱ्यांचा होता. त्याहून मोठी कंपनी सहसा अपात्र. मात्र निवास आणि खाद्यसेवा या क्षेत्रांसाठी कायद्याने वेगळा नियम केला. या क्षेत्रांत ५०० ची मर्यादा संपूर्ण कंपनीला न लावता प्रत्येक ठिकाणाला लावायची होती. एका उपाहारगृहात सहसा त्याहून खूप कमी माणसे काम करतात. त्यामुळे शेकडो शाखा असलेली साखळीदेखील या मोजपट्टीवर 'लहान' ठरली. शिवाय एकाच मालकीखालील कंपन्या एकत्र मोजण्याचा नेहमीचा नियमही या क्षेत्रासाठी स्थगित करण्यात आला.

अपवादामागे विचार नव्हता, असे म्हणता येणार नाही. अमेरिकेतील नामांकित साखळ्यांची बहुतेक दुकाने मूळ कंपनीची नसतात. नाव, पाककृती आणि फलक कंपनीचा. दुकान चालवणारा स्थानिक मालक. 'फ्रँचायझी' पद्धतीने चालणाऱ्या अशा दुकानांना केवळ फलक मोठ्या नावाचा आहे म्हणून मदत नाकारणे अन्यायाचे झाले असते. दुसरे असे की, साखळीतला वाढपी काय किंवा एकांड्या उपाहारगृहातला वाढपी काय, पगार थांबला की दोघांच्याही घरचे भाडे थकते.

तथापि या युक्तिवादाला मर्यादा आहेत. फ्रँचायझी मालकही नेहमी लहान नसतो. जुलै २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करणारी 'एनपीसी इंटरनॅशनल' ही कंपनी अमेरिकेत 'पिझ्झा हट'ची १,२०० हून अधिक दुकाने चालवत होती आणि तीही फ्रँचायझीच होती. मोठ्या साखळीपुढे समभाग विकणे, रोखे काढणे, बँकेकडून मंजूर असलेली पतमर्यादा वापरणे असे अनेक मार्ग असतात. एकट्या उपाहारगृहाच्या मालकापुढे स्वतःची बचत किंवा राहते घर एवढेच असते. निधी अमर्याद असता तर या फरकाने फारसे बिघडले नसते. निधी मर्यादित होता आणि तो 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' या तत्त्वाने वाटला जात होता. तिथे हा फरक निर्णायक ठरला.

रांगेत पुढे कोण?

३ एप्रिल २०२० रोजी अर्ज स्वीकारण्यास आरंभ झाला आणि १३ दिवसांत निधी आटला. 'एसबीए'च्या आकडेवारीनुसार तोपर्यंत सुमारे १६ लाख ६० हजार कर्जे मंजूर झाली होती आणि सरासरी कर्ज २ लाख ६ हजार डॉलरचे होते. दीड लाख डॉलरपर्यंतची कर्जे संख्येने ७४ टक्के होती, पण त्यांच्या वाट्याला एकूण रकमेचे केवळ १७ टक्के आले. उलट ५० लाख डॉलरहून मोठी ४,४१२ कर्जे ९ टक्के रक्कम घेऊन गेली. सर्वाधिक फटका बसलेल्या निवास व खाद्यसेवा क्षेत्राला मिळून जेमतेम ९ टक्के रक्कम मिळाली. बांधकाम क्षेत्राला १३ टक्क्यांहून अधिक.

असे का झाले, याचे उत्तर बँकांच्या कामकाजात सापडते. अनेक बँकांनी आपल्या जुन्या ग्राहकांचे अर्ज आधी घेतले. ज्याचे बँकेत कर्जखाते होते, हिशेबनीस आणि वकील हाताशी होते, त्याची कागदपत्रे पहिल्याच दिवशी तयार होती. बँकांना मिळणारे शुल्कही याच दिशेने झुकलेले होते. साडेतीन लाख डॉलरपर्यंतच्या कर्जावर पाच टक्के, वीस लाखांपर्यंत तीन टक्के आणि त्यापुढे एक टक्का असे दर होते. दर उतरता असला, तरी ५० हजारांच्या कर्जावर बँकेला अडीच हजार डॉलर आणि १ कोटीच्या कर्जावर १ लाख डॉलर मिळत. अर्ज तपासण्याचे काम मात्र दोन्हीकडे बरेचसे सारखे. घाईच्या काळात बँक कोणता अर्ज आधी हाती घेईल, हे सांगायला नको.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना आपली कर्जे जाहीर करावी लागतात. या नियमामुळेच मोठ्या साखळ्यांची नावे बाहेर आली. महागड्या मांसाहारी जेवणासाठी प्रसिद्ध असलेल्या 'रुथ्स ख्रिस' साखळीच्या मालक कंपनीने दोन उपकंपन्यांच्या नावे मिळून २ कोटी डॉलर घेतले होते. सँडविच विकणाऱ्या 'पॉटबेली'ने १ कोटी घेतले होते. लोकक्षोभ उसळला आणि कर्जे परत करणाऱ्यांची रांग लागली. शेक शॅकला त्याच सुमारास शेअर बाजारातून भांडवल उभे करता आले होते. परतफेडीचे कारण सांगताना तिच्या प्रमुखांनी तेच नमूद केले. त्याच पत्रात त्यांनी योजनेतील निधी अपुरा असल्याचे आणि नियम संदिग्ध असल्याचेही लिहिले होते.

नियमांची डागडुजी

२३ एप्रिल रोजी अमेरिकी अर्थ खात्याने खुलासा केला. भांडवली बाजारातून पैसा उभा करू शकणाऱ्या मोठ्या कंपनीला 'हे कर्ज आम्हाला आवश्यक आहे' असे प्रतिज्ञापूर्वक सांगता येणे कठीण आहे, असा त्याचा आशय होता. अशा कंपन्यांना दंडाविना परतफेड करण्यासाठी मुदत देण्यात आली आणि ती पुढे १८ मेपर्यंत वाढवली गेली. २० लाख डॉलरहून मोठ्या कर्जांची तपासणी होईल, असेही सांगण्यात आले. एका उद्योगसमूहाला मिळून २ कोटी डॉलरपेक्षा अधिक कर्ज मिळणार नाही, अशी मर्यादा ३० एप्रिल रोजी घातली गेली. दरम्यान, २४ एप्रिल रोजी आणखी ३१० अब्ज डॉलरच्या निधीला मंजुरी मिळाली. त्यातील ६० अब्ज लहान व मध्यम बँका आणि सामुदायिक वित्तसंस्था यांच्यासाठी राखण्यात आले.

पैसे मिळालेल्या छोट्या उपाहारगृहांची अडचण मात्र वेगळीच होती. कर्जमाफीसाठी ७५ टक्के रक्कम आठ आठवड्यांत वेतनावर खर्च करायची होती. स्वयंपाकघर बंद, ग्राहकांना प्रवेश नाही, आणि तरीही सगळे कर्मचारी पगारावर घ्यायचे. आठ आठवडे संपून दुकान उघडण्याची वेळ येईल, तेव्हा हाती पैसा उरणार नाही. न्यूयॉर्कसारख्या शहरात वेतनाइतकाच भाड्याचा बोजा असतो. त्याला योजनेत फारशी जागा नव्हती. शिवाय जुलै २०२० अखेरपर्यंत बेकारी भत्त्यात दर आठवड्याला ६०० डॉलरची जादा भर मिळत असल्याने अनेक कामगारांना परत बोलावणेही सोपे नव्हते. उपाहारगृह संघटनांच्या आग्रहानंतर ५ जून रोजी कायद्यात दुरुस्ती झाली. वेतनाचा वाटा ६० टक्क्यांवर आला आणि खर्चाची मुदत २४ आठवड्यांची झाली. न्यूयॉर्क शहरात आत बसून जेवण्यास परवानगी मिळाली ती ३० सप्टेंबर रोजी, तीही २५ टक्के क्षमतेने. आठ आठवड्यांचा मूळ हिशेब वास्तवापासून किती दूर होता, हे यावरून कळते.

डिसेंबर २०२० च्या अखेरीस योजनेला २८४ अब्ज डॉलरसह पुन्हा चालना मिळाली, तेव्हा आधीच्या चुकांमधून घेतलेले धडे कायद्यात उतरले होते. दुसऱ्यांदा कर्ज घेणाऱ्यासाठी कर्मचाऱ्यांची मर्यादा ३०० आणि कर्जाची मर्यादा २० लाख डॉलर झाली. उलाढाल किमान २५ टक्के घटल्याचे दाखवणे आवश्यक ठरले. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या वगळण्यात आल्या. उपाहारगृहांसाठी वेतनाची पट अडीचवरून साडेतीन करण्यात आली. प्रत्येक ठिकाण स्वतंत्र मोजण्याची सवलत मात्र ३०० च्या मर्यादेसह कायम राहिली.

साखळ्यांना वगळणारा निधी

मार्च २०२१ मध्ये अमेरिकी संसदेने केवळ खाद्यव्यवसायासाठी २८.६ अब्ज डॉलरचा 'रेस्टॉरंट रिव्हायटलायझेशन फंड' मंजूर केला. येथे कर्जाचा मुखवटाही नव्हता. बुडालेल्या उलाढालीच्या प्रमाणात थेट अनुदान होते. 'लहान' या शब्दाची व्याख्याही बदलली. मार्च २०२० मध्ये वीसहून अधिक ठिकाणे असलेला व्यवसाय अपात्र आणि शेअर बाजारात नोंदलेली कंपनीही अपात्र. एका ठिकाणासाठी कमाल ५० लाख आणि एका व्यवसायासाठी कमाल १ कोटी डॉलर. आधी मिळालेले 'पीपीपी' कर्ज अनुदानातून वजा होणार होते.

व्याख्या सुधारली, पण रक्कम अपुरी पडली. ३ मे २०२१ रोजी अर्ज सुरू झाले आणि २ लाख ७८ हजारांहून अधिक व्यावसायिकांनी ७२ अब्ज डॉलरहून अधिक मागणी नोंदवली. सुमारे १ लाख १ हजार जणांना पैसे मिळाले. पहिले २१ दिवस महिला, माजी सैनिक आणि सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित गटांतील मालकांना प्राधान्य देण्याची तरतूद होती. टेनेसीतील एका उपाहारगृह मालकाच्या याचिकेवर संघीय अपील न्यायालयाने वंश व लिंग यांवर आधारित या प्राधान्याविरुद्ध निर्णय दिला. इतर न्यायालयांतही असेच दावे उभे राहिले आणि मंजुरीचे पत्र हाती पडलेल्या जवळपास ३ हजार मालकांची मंजुरी मागे घेतली गेली. त्यांपैकी काहींनी त्या पत्राच्या भरवशावर खर्च करून टाकला होता. निधीत भर घालण्याचा प्रस्ताव मे २०२२ मध्ये सिनेटमध्ये आवश्यक ६० मतांअभावी बारगळला. दोन उपाहारगृहे, दोघांचे नुकसान सारखे. एकाला संपूर्ण भरपाई, दुसऱ्याला काहीच नाही, अशी विषमता त्यातून कायम राहिली.

शेवटचा हिशेब

३१ मे २०२१ रोजी 'पीपीपी' बंद झाला तेव्हा सुमारे १ कोटी १८ लाख कर्जांतून जवळपास ८०० अब्ज डॉलर वाटले गेले होते. त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक कर्जे पुढे माफ झाली. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड ऑटर व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, या पैशांपैकी केवळ २३ ते ३४ टक्के रक्कम अन्यथा रोजगार गमावला असता अशा कामगारांपर्यंत पोहोचली. उरलेली मुख्यतः मालक आणि भागधारकांकडे गेली. 'एसबीए'च्या महानिरीक्षकांनी जून २०२३ मध्ये सुमारे ६४ अब्ज डॉलरची 'पीपीपी' कर्जे संशयास्पद असल्याचा अंदाज मांडला. दुसऱ्या बाजूला, वेगाने पैसा पोहोचवण्याचा हेतू बऱ्याच अंशी साध्य झाला, हेही मान्य करावे लागते. वेग आणि अचूकता यांपैकी अमेरिकेने वेग निवडला. त्याची किंमत ही एवढी होती.

भारताची वेगळी वाट

भारताने याच काळात निवडलेला मार्ग तुलनेसाठी उपयोगी आहे. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने ३ लाख कोटी रुपयांची आपत्कालीन कर्जहमी योजना जाहीर केली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी थकबाकी असलेल्या कर्जाच्या २० टक्के इतके जादा कर्ज सरकारच्या पूर्ण हमीवर मिळणार होते. बँकांसाठी व्याजाची कमाल मर्यादा ९.२५ टक्के होती. येथे माफीची तरतूद नव्हती. कर्ज फेडायचेच होते. मार्च २०२१ च्या अखेरीस हॉटेल, पर्यटन आदी क्षेत्रांसाठी ही मर्यादा ४० टक्के झाली आणि परतफेडीची मुदत सहा वर्षे करण्यात आली. २०२२ च्या अर्थसंकल्पात आतिथ्य व संलग्न व्यवसायांसाठी ५० हजार कोटी रुपयांची हमी वाढवण्यात आली.

महाराष्ट्रात मार्च २०२० पासून बंद असलेली उपाहारगृहे ५ ऑक्टोबर २०२० रोजी निम्म्या क्षमतेने उघडली आणि एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा पार्सलपुरती उरली. अशा वेळी बँकेचे कर्जखाते असलेल्या हॉटेलमालकाला हमी योजनेचा आधार होता. आयुष्यभर रोखीने व्यवहार करून कधीच कर्ज न घेतलेल्या खानावळीला मात्र तिच्यात जागा नव्हती, कारण पात्रतेचा आधारच जुने कर्ज हा होता. रस्त्यावरील विक्रेत्यांसाठी जून २०२० मध्ये आलेल्या 'पीएम स्वनिधी' योजनेत पहिल्या टप्प्यात १० हजार रुपयांचे खेळते भांडवल मिळे. वडापावची गाडी आणि कर्जखाते असलेले हॉटेल यांच्या मधला वर्ग बहुतांशी स्वतःच्या बचतीवरच उभा राहिला.

अमेरिकेत प्रत्येक दुकान वेगळे मोजल्याने साखळ्या लहान ठरल्या. भारतात जुने कर्ज मोजल्याने कर्जमुक्त व्यावसायिक अदृश्य ठरले. दोन्हीकडे रकमेइतकीच, किंबहुना अधिक, मोजपट्टी महत्त्वाची ठरली. पुढच्या संकटात अशी योजना जाहीर होईल तेव्हा कोटींच्या आकड्याआधी तीन गोष्टी तपासून पाहाव्या लागतील. पात्रता कंपनीला लावली आहे की दुकानाला? पैसा देणाऱ्या बँकेला छोट्या अर्जात स्वारस्य राहील का? आणि अटींची मुदत धंदा प्रत्यक्ष सुरू होण्याच्या तारखेशी जुळते का? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की त्या पैशांतून वाढप्याचा पगार निघेल की साखळीचा ताळेबंद सुधारेल, हे बरेचसे आधीच सांगता येईल.